चढावर घरंगळणारी गाडी

लेहहून श्रीनगरच्या दिशेने निघालं की साधारण 30 किलोमीटरवर, निम्मू गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एक मोठी पाटी लागते. इथे गुरुत्वाकर्षणाचे नियम चालत नाहीत, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर आहे. पाटीजवळ डांबरावर पांढऱ्या रंगात चौकोन आखलेला आहे. गाडी चौकोनात उभी करायची, गिअर न्यूट्रलला टाकायचा आणि हँडब्रेक सोडायचा. पहिले दोन-तीन क्षण काहीच होत नाही. मग टायरखाली बारीक खडी करकरते, गाडी किंचित डुलते आणि हळूहळू निघते. समोर स्पष्ट चढ दिसत असतो आणि गाडी त्याच चढाकडे चाललेली असते. बघता बघता वेगाचा काटा ताशी 20 किलोमीटरच्या आसपास जातो.

ही जागा ‘मॅग्नेटिक हिल’ म्हणून प्रसिद्ध आहे. डोंगराच्या पोटात प्रचंड चुंबक आहे आणि तो गाड्या ओढतो, हे तिथलं सर्वांत लोकप्रिय स्पष्टीकरण. विमानंसुद्धा इथून जाताना जास्त उंचीवरून न्यावी लागतात, अशी पुस्ती गाइड जोडतात. जुनी स्थानिक कथा वेगळी आहे. इथून स्वर्गाकडे जाणारा रस्ता होता. पुण्यवान माणूस आपोआप वर ओढला जाई आणि ज्याची पात्रता नाही त्याने कितीही धडपड केली तरी त्याला वर चढता येत नसे.

खरी गोष्ट अशी की तो रस्ता उतार आहे. गाडी उतारावरून खाली जाते, जशी जगातली प्रत्येक गाडी जाते. मात्र एवढं एक वाक्य टाकून विषय मिटवणं मला पटत नाही. उतार असूनही तो चढ का दिसतो, हा खरा रंजक प्रश्न आहे. ‘तुम्हाला भास होतो’ म्हणून समोरच्याला गप्प करणारा माणूसही त्या प्रश्नाला हात घालत नाहीच.

डोळ्यापाशी पाणसळ नसते. समोरची जमीन चढते की उतरते हे डोळा थेट मोजू शकत नाही. तो कशाच्या तरी तुलनेत ठरवतो. मोकळ्या माळावर किंवा समुद्रकिनाऱ्यावर क्षितिजाची रेषा नेमकी आपल्या नजरेच्या उंचीवर असते, त्यामुळे सपाट म्हणजे काय ते कळतं. गावात घरांच्या भिंती, विजेचे खांब, सरळ वाढलेली झाडं उभी दिशा दाखवतात. लडाखच्या त्या पट्ट्यात यातलं जवळजवळ काहीच नाही. झाड नाही, भिंत नाही, खरं क्षितिज डोंगरांनी झाकलेलं आणि आजूबाजूची सगळी जमीन एका अंगाला झुकलेली. डोळा मग त्या झुकलेल्या जमिनीलाच सपाट धरून चालतो. समजा, ती जमीन 100 मीटरमागे 6 मीटर उतरते आहे आणि रस्ता त्याच दिशेने 3 मीटर उतरतो आहे. जमिनीच्या तुलनेत रस्ता 100 मीटरमागे 3 मीटर वर आला. डोळ्याला दिसतो तो हा फरक, म्हणजे चढ.

हाच प्रकार आपल्याकडे पाटाच्या पाण्यात दिसतो. बंधाऱ्यातून काढलेला पाट नदीच्या कडेकडेने जातो. नदी भराभर उतरत जाते, पाटाला मात्र ढाळ अगदी थोडा दिलेला असतो, हजार मीटरला मीटरभर किंवा त्याच्या आसपास. थोडं अंतर गेल्यावर पाट नदीच्या बराच वर दिसू लागतो आणि खाली उभं राहून बघणाऱ्याला वाटतं, पाणी टेकडी चढतंय. छत्तीसगडमध्ये मैनपाटजवळ ‘उल्टा पानी’ नावाची जागा पर्यटकांत प्रसिद्ध आहे. तिथेही पाणी चढावर वाहतं असं दिसतं. पाटकऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. पाट काढताना ढाळ नजरेने धरायचा नसतो, हे त्याला कामातून माहीत असतं.

इटलीतल्या तीन संशोधकांनी, पाओला ब्रेसान, लुइजी गार्लास्केल्ली आणि मोनिका बार्राकानो यांनी, याची नीट परीक्षा केली आणि 2003 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी टेबलावर मावतील अशी रस्त्यांची प्रतिरूपं बनवली. रस्त्याच्या फळ्यांचा कल हवा तसा बदलता येई, खोटं क्षितिज वर-खाली करता येई. माणसांना छिद्रातून बघायला लावून प्रत्येक तुकडा चढ वाटतो की उतार, असं विचारलं. सौम्य उताराच्या पुढे, मागे किंवा बाजूला तीव्र उतार ठेवला, की तो सौम्य उतार लोकांना चढ दिसू लागे. क्षितिजाची उंची बदलली की उत्तरंही बदलत. लाकडी फळ्यांच्या प्रतिरूपात चुंबक नव्हता आणि भूतही नव्हतं, तरी भास पुरेपूर झाला.

गाडीत बसलेल्याला शरीराकडूनही मदत मिळत नाही. तोल सांभाळणारी आतल्या कानातली यंत्रणा आहे, पण बसल्या जागी एक-दोन अंशांचा कल तिला नीट उमगत नाही. 3 टक्के उतार म्हणजे जेमतेम 1.7 अंश. शिवाय आपण टेकलेली सीटच मागे कललेली असते. कान गप्प, डोळा ठाम, असा तो मामला आहे.

आता वेगाचा हिशोब. डांबरी रस्त्यावर मोटारीच्या टायरचा घरंगळण्याला होणारा विरोध गाडीच्या वजनाच्या एक ते दीड टक्का असतो. म्हणून रस्ता 1 टक्क्याहून कमी उताराचा असेल तर न्यूट्रलमधली गाडी जागची हलत नाही. 3 टक्के उतार धरला आणि 1.2 टक्के विरोधात गेले, तर उरलेल्या 1.8 टक्क्यांवर गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे 0.18 मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. स्थिर उभी असलेली गाडी 100 मीटर जायला 34 सेकंदांच्या आसपास घेते आणि तोवर तिचा वेग ताशी 21 किलोमीटर होतो. लोक सांगतात तो वेग हाच. गाडी जे करते ते सगळं एवढ्याशा उतारात बसतं, त्यासाठी आणखी काही कल्पना करावी लागत नाही. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा हँडब्रेक थोडा घासत असेल तर विरोध वाढतो आणि तीच गाडी त्याच जागी ढिम्म राहते. मग कुणीतरी म्हणतं, आज डोंगराची ताकद कमी आहे.

चुंबकाची गोष्ट खरी मानून बघू. 1500 किलोची गाडी खऱ्याखुऱ्या 3 टक्के चढावर ओढायची तर टायरचा विरोध धरून जवळजवळ 63 किलो वजनाएवढी ओढ लागेल. गाडीत 900 किलोच्या आसपास पोलाद धरलं, तर प्रत्येक किलो पोलादाला त्याच्या वजनाच्या 7 टक्के ओढ बसायला हवी. हे अगदी साध्या साधनांनी तपासता येतं. गाडीतला पाना एक मीटर दोऱ्याने टांगा, शेजारी तेवढ्याच दोऱ्याने पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली टांगा. चुंबक असेल तर पाना डोंगराकडे सुमारे 7 सेंटिमीटर सरकून लटकेल आणि बाटली सरळ राहील. वारा लागून दोरे हलतात, म्हणून हे काचा बंद करून गाडीच्या आत करायचं. मीटरभर उंची मिळत नसेल तर अर्धा मीटर दोरा घ्या आणि साडेतीन सेंटिमीटरचा फरक शोधा. दोन्ही दोरे समांतर राहतात. रबरी चेंडूही त्या रस्त्यावर गाडीच्याच दिशेने घरंगळतो आणि पाणीही तिकडेच ओघळतं. चुंबकाला या दोघांशी काही देणंघेणं नसतं. विमानाचा सांगाडा तर बहुतांशी अॅल्युमिनियमचा, त्यालाही चुंबक ओढत नाही.

हिमालय वस्तू ओढतो, ही मात्र खरी गोष्ट आहे. फक्त ती ओढ गुरुत्वाकर्षणाची आहे आणि फार बारीक आहे. एकोणिसाव्या शतकात भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण चालू असताना मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेतलं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अक्षांशांचं अंतर जमीन मोजून आणि ताऱ्यांवरून अशा दोन पद्धतींनी काढलं, तेव्हा उत्तरांत 5.236 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) फरक आला. ताऱ्यांवरून अक्षांश काढताना ओळंबा सरळ खाली लटकतो असं गृहीत होतं, पण हिमालयाचं वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत होतं. कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चचे वरिष्ठ अधिकारी, जॉन प्रॅट यांनी डोंगरांच्या आकारमानावरून हिशोब केला, तर फरक 15.885 विकला यायला हवा होता. प्रत्यक्षात तो तिपटीने कमी का, या प्रश्नातून 1855 साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी मांडलं की उंच डोंगरांखाली हलक्या खडकांची खोल मुळं असतात. पृथ्वीच्या कवचाबद्दलची केवढी मोठी समज ओळंब्याच्या त्या केसभर झुकण्यातून आली! 5.236 विकला म्हणजे 100 मीटरला अडीच मिलिमीटर. गाडी हलवायला 100 मीटरला मीटर-दीड मीटर उतार लागतो. अख्खा हिमालय मिळून जे करू शकत नाही ते रस्त्याकडेची एक टेकडी करते, असं मानण्यात अडचण आहे ती ही.

असा रस्ता स्वतः मोजायचा असेल तर गवंड्याची लेव्हल पाइप पुरते. 10-12 मिलिमीटर व्यासाची पारदर्शक नळी, 25 मीटर लांब. बादली उंचावर ठेवून एक टोक तिच्यात बुडवायचं आणि दुसऱ्या टोकाने पाणी ओढून वाहू द्यायचं, नळीतला शेवटचा बुडबुडा बाहेर पडेपर्यंत. पाण्यात थोडी नीळ घातली की पातळी स्पष्ट दिसते. मग दोघांनी रस्त्याच्या कडेला 15-20 मीटर अंतरावर उभं राहायचं, प्रत्येकाकडे मोजपट्टी लावलेली काठी. नळीची टोकं काठीला धरून दोन्ही अंगठे एकदम काढायचे, पाणी स्थिर होऊ द्यायचं आणि रस्त्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंतची उंची दोन्हीकडे वाचायची. जिथे आकडा मोठा तिथे रस्ता खाली. 20 मीटरवर 3 टक्के उताराचा फरक तब्बल 60 सेंटिमीटर येतो, यात वाद घालायला जागा उरत नाही. चुका ठरलेल्या असतात: मध्ये राहिलेला बुडबुडा, कुठेतरी दुमडलेली नळी, एका टोकावर विसरलेला अंगठा, तिरपी धरलेली काठी. तिन्हीत्रिकाळ बुडबुडाच जास्त फसवतो.

मोबाइलवर कल मोजणारं ॲप वापरणारे बरेच असतात. त्याची खोच अशी की फोन सपाट नसतो. मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो आणि सेन्सरमध्येही अर्ध्या-एक अंशाची चूक सहज असते. आपल्याला मोजायचा आहे तो कल एक-दोन अंशांचाच. म्हणून आधी रस्त्यावर सरळ फळी ठेवा, तिच्यावर फोन ठेवून आकडा घ्या, मग फोन जागच्या जागी उलट दिशेला फिरवून पुन्हा घ्या. दोन आकड्यांच्या फरकाचा निम्मा हा खरा कल. फोनची स्वतःची चूक त्यात निघून जाते. जीपीएसवरची उंची इथे उपयोगाची नाही, तिची चूकच काही मीटरची असते. त्यापेक्षा ज्या फोनमध्ये हवेचा दाब मोजायची सोय आहे तो बरा. लेहच्या उंचीवर एक मीटर खाली उतरलं की दाब साधारण 0.085 हेक्टोपास्कलने वाढतो. 100 मीटर चालून 3 मीटरचा फरक त्यात पकडता येतो, वारा पडलेला असेल आणि जाऊन-येऊन दोनदा मोजलं तर.

हे सगळं मोजून झाल्यावर मान वर करून पाहिलं तरी रस्ता चढच दिसतो. मला या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. ज्ञानाने भास मोडत नाही. म्हणून ज्याला भास झाला तो अडाणी, हे म्हणणं चूक आहे. मोजणाऱ्यालाही तोच भास होतो. फरक पडतो तो ‘मला चढ दिसला’ आणि ‘म्हणून इथे काहीतरी शक्ती आहे’ या दोन वाक्यांच्या मध्ये. त्या मधल्या जागेत काय भरायचं ते जो तो आपापल्या मुलखातून आणतो. मदिनेजवळच्या अशाच रस्त्यावर जिन गाड्या ढकलतात असं म्हणतात, कोरियाच्या जेजू बेटावर डोक्केबी नावाची भुतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला एका रेल्वे फाटकाजवळ, अपघातात गेलेल्या शाळकरी मुलांचे आत्मे गाडी रुळांपलीकडे ढकलतात अशी कथा आहे. लोक गाडीच्या मागे पावडर भुरभुरतात आणि तिच्यावर इवल्या बोटांचे ठसे शोधतात. ठसे सापडतातही, कारण आधीच डिकीला हात लावलेल्यांच्या बोटांचं तेल पत्र्यावर असतंच, पावडर ते दाखवते. ज्या बस अपघाताशी ही कथा जोडतात तो 1938 साली युटा राज्यात, तिथून कितीतरी दूर घडला होता.

सुशिक्षित माणूस या कथांना हसतो आणि चुंबक मात्र मान्य करतो. मला दोन्ही एकाच जातीचे वाटतात. जिनाचं नाव घेतलं की मोजायची गरज संपते आणि चुंबकाचं नाव घेतलं तरी ती संपतेच. उलट चुंबकाला शास्त्राचा अंगरखा असल्याने त्याला कुणी हटकत नाही. शाळेची सहल नेणारे शिक्षकही तेच सांगतात. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा चमचा तिरपा करून सोंडेला टेकवल्यावर दूध पृष्ठताणाने ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळतं, हे दुधात रंग घालून लगेच दाखवता आलं. ‘मूर्तीतल्या चुंबकीय लहरी’ असं कुणी म्हटलं असतं तर ते ऐकायला शास्त्रीय वाटलं असतं आणि तितकंच निरर्थक ठरलं असतं.

पुणे–सातारा रस्त्यावर खेड शिवापूरला कमरअली दरवेशाच्या दर्ग्यात एक दगड आहे. अकरा जणांनी तर्जनी लावून, एका दमात बाबांचं नाव घेतलं की तो वर उठतो. दगड 70 किलोचा धरला तर प्रत्येक बोटावर साडेसहा किलोच्या आत भार येतो, आणि क्षणभरासाठी तेवढा भार बोट सहज पेलतं. खरं काम करते ती ललकारी: अकरा जणांचा जोर एकाच क्षणी लागतो. एखाद्याचं बोट उशिरा लागलं की दगड एका अंगाला कलंडतो आणि मग श्रद्धा कमी पडली असं ठरतं. श्रद्धेने तिथे जाणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात आणि एकत्र जोर लावण्याचा तो आनंद खरा आहे. तो दगड कशाने उठतो हे समजून घेतल्याने त्या आनंदाला काही बाधा येत नाही. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हीच रीत पाळली: चमत्कार नाकारायच्या आधी तो स्वतः करून दाखवायचा. 20 ऑगस्ट 2013 ला ज्यांची हत्या झाली ते डॉ. नरेंद्र दाभोलकर याच रीतीचा आग्रह धरत.

स्कॉटलंडमध्ये एअरशायरच्या किनाऱ्याजवळ ‘इलेक्ट्रिक ब्रे’ नावाचा असाच रस्ता आहे. वीज नवी होती तेव्हा लोकांना वाटलं, टेकडीतली वीज गाड्या ओढते. आता तिथे रस्त्याकडेला दगड उभा केला आहे आणि त्यावर दोन्ही टोकांची उंची कोरली आहे: एक 286 फूट, दुसरं 303 फूट. उतार 86 फुटांना एक. आजूबाजूच्या जमिनीच्या ठेवणीमुळे तो उलटा दिसतो, हेही लिहिलं आहे. तरीही माणसं येतात, गाड्या सोडतात, चकित होतात. लडाखच्या पाटीवर असे दोन आकडे यावेत असं मला मनापासून वाटतं. पर्यटक कमी होणार नाहीत.

हे वाटण्यामागे कुतूहलाखेरीज एक काळजीही आहे. हाच भास पाटी न लावता आपल्या प्रत्येक घाटात होत असतो. तीव्र उतार संपून सौम्य उतार लागला की तो सपाट किंवा किंचित चढ वाटतो आणि चालक ब्रेकवरचा पाय काढून ॲक्सिलरेटर दाबतो. पुण्याजवळ नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा रस्ता लांबलचक उताराचा आहे. तिथे अपघातांमागून अपघात होतात, 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका अपघातात 48 वाहनांचं नुकसान झालं. डिझेल वाचवायला काही ट्रकचालक अशा उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतात, कधी इंजिनही बंद करतात. ट्रकच्या टायरचा विरोध मोटारीपेक्षा कमी, 0.7 टक्क्यांच्या आसपास. 4 टक्के उतारावर, हवेचा अडथळा सोडला तर, थांबलेला ट्रक एका किलोमीटरमध्ये ताशी 90 किलोमीटरपर्यंत पोचतो. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला दाबाची हवा पुरवणारा काँप्रेसर बंद. प्रत्येक वेळी पेडल दाबलं की टाकीतला दाब उतरत जातो आणि शेवटी ब्रेक लागेनासा होतो. मोटारीत ब्रेकला जोर देणाऱ्या व्हॅक्यूमचं तेच होतं, दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि स्टिअरिंगही जड पडतं. म्हणून लडाखच्या चौकोनातसुद्धा इंजिन चालू ठेवूनच गाडी सोडावी, मागचा-पुढचा रस्ता मोकळा पाहून. तो राष्ट्रीय महामार्ग आहे आणि लष्कराचे ट्रक तिथून सतत ये-जा करतात.